पडद्यामागील रुग्णसेवक : क्ष-किरण तंत्रज्ञ

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस जाहीर केला आणि १९९३ साली तो प्रथम पाळण्यात आला. त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतून रुग्णांसाठी मिस्साबली अर्पण केला जातो, आजारी व वृद्ध बंधुभगिनींना रुग्णाभिषेकाचा संस्कार दिला जातो आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये डॉक्टर व परिचारिका यांचे आवर्जून स्मरण केले जाते. ते योग्यच आहे.

परंतु रुग्णालयात गेलेला बहुतेक प्रत्येक रुग्ण केव्हा ना केव्हा आणखी एका दारापुढे थांबतो. त्या दारावर तांबडा दिवा असतो, किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण असते आणि गरोदर स्त्रियांनी आधी सूचना द्यावी अशा आशयाची पाटी असते. रुग्ण आत जातो आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर येतो. आत कोण भेटले, असे त्याला विचारले तर बहुधा उत्तर मिळते, 'एक्स-रे काढणारा होता.' आम्ही ते 'एक्स-रे काढणारे' आहोत. आमच्या कामाची ओळख धर्मग्रामातील बंधुभगिनींना व्हावी, आणि यंत्राशेजारी उभे राहून केलेले हे काम रुग्णसेवा कशी ठरते, हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'क्ष' म्हणजे अज्ञात

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म रोंटगेन हे निर्वात नळीतून विद्युतप्रवाह सोडून प्रयोग करीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती, तरीही जवळच ठेवलेला, रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून पार होणारे हे किरण कोणते, हे ठाऊक नसल्यामुळे रोंटगेन यांनी त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे नाव दिले. मराठीत अज्ञात राशीला आपण 'क्ष' म्हणतो, म्हणून ते आपले क्ष-किरण झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक रोंटगेन यांना मिळाले. आपला शोध साऱ्या मानवजातीच्या उपयोगी पडावा म्हणून त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. ८ नोव्हेंबर हा दिवस आता जागतिक रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो.

या शोधाची किंमत मात्र मोठी होती. आरंभीच्या काळात या किरणांचा धोका कोणास माहीत नव्हता. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी काम करणारे लोक स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. कालांतराने त्या हातांवर न भरणाऱ्या जखमा झाल्या, बोटे कापावी लागली, पुढे कर्करोग झाला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे अशाच आजाराने १९०४ साली मरण पावले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर आरंभी १६९ नावे कोरलेली होती. हे स्मारक डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्याबरोबर तंत्रज्ञांचे व रुग्णालयातील परिचारिकांचेही आहे. आज आम्ही शिशाच्या ज्या काचेमागे निर्धास्त उभे राहतो, ती काच त्यांच्या हातांच्या मोलाने आमच्यापर्यंत आली आहे.

काचेअलीकडचे काम

एक्स-रे म्हणजे बटण दाबणे, असा समज आहे. बटण दाबण्यास सेकंदाचा अंशही पुरतो. खरे काम त्याआधीचे असते.

छातीच्या एक्स-रेचेच उदाहरण घेऊ. प्रथम कागदावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे, याची खात्री करावी लागते. एका नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी येणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. मग रुग्णाला छाती फळीला टेकवून उभे करतो. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे झुकवलेले, अशी ती स्थिती असते. खांदे पुढे का, तर पाठीची फऱ्याची हाडे बाजूला सरकून फुप्फुसे मोकळी दिसावीत म्हणून. त्यानंतर दीर्घ श्वास घेऊन तो रोखावयास सांगतो. श्वास पूर्ण घेतला की छातीचा पडदा खाली उतरतो आणि फुप्फुसांचा खालचा भागही दिसू लागतो. श्वास अर्धवट असला, तर निरोगी फुप्फुसही आजारी भासू शकते. शरीर किंचित तिरके असले, तर हृदयाची सावली बदलते. चित्रावर डावी-उजवी बाजू दाखविणारी खूण चुकली, तर पुढे उपचारही चुकू शकतो. डॉक्टर जे निदान करतात, ते आम्ही दिलेल्या चित्राच्या आधारे. त्यामुळे इथला लहानसा निष्काळजीपणाही रुग्णाला महागात पडतो.

पूर्वी चित्र फिल्मवर घेतले जाई आणि ती काळोख्या खोलीत रसायनांत बुडवून धुवावी लागे. आता बहुतेक ठिकाणी चित्र काही क्षणांत संगणकाच्या पडद्यावर येते. कामाची व्याप्तीही वाढली आहे. सीटी स्कॅन व एमआरआय, अतिदक्षता विभागात खाटेपाशी न्यावे लागणारे फिरते यंत्र, शस्त्रक्रिया चालू असताना हाड जुळले की नाही हे दाखविणारे यंत्र, ही सर्व कामे तंत्रज्ञ करतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा नातेवाइकांना ज्या कक्षांत प्रवेश नव्हता, तिथे पीपीई किट घालून हे फिरते यंत्र ढकलीत नेणारेही तंत्रज्ञच होते.

दागिन्यांचा विषयही इथेच सांगितला पाहिजे. रोंटगेन यांच्या पत्नीची अंगठी जशी चित्रात उमटली, तसा गळ्यातील कोणताही धातू छातीच्या चित्रात उमटतो आणि नेमकी तपासावयाची जागा झाकतो. म्हणून आम्ही क्रूस, मारियामातेचे पदक, मंगळसूत्र, ताईत, सारे उतरवावयास सांगतो. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्या क्षणी त्याचा चेहरा उतरतो. आजाराच्या भीतीत ज्याचा आधार होता, तेच काढून ठेवावयाचे असते. ती वस्तू कोपऱ्यातील ट्रेमध्ये टाकावयाची, की रुग्णाच्या सोबत्याच्या हाती आदराने द्यावयाची, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. सोबती नसला, तर आम्ही ती लहानशा पाकिटात घालून रुग्णाला दिसेल अशी ठेवतो. एमआरआयच्या खोलीत चुंबकाच्या प्रचंड शक्तीमुळे धातू आत नेताच येत नाही. तिथे तर हा धीर अधिकच द्यावा लागतो.

पाहणे आणि जवळ जाणे

आमचा एक अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील हा आमचाच दोष आहे. सकाळची गर्दी होती. लाल लुगडे नेसलेल्या एक वृद्ध आजी छातीच्या एक्स-रेसाठी आल्या. त्यांना फळीपाशी उभे करून आम्ही काचेमागे गेलो आणि तिथूनच मोठ्याने सूचना दिली, 'श्वास घ्या, रोखून धरा.' चित्र हलले. पुन्हा सांगितले, या वेळी आवाज अधिक चढवून. चित्र पुन्हा हलले. तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी आत आले. ते आजींजवळ जाऊन उभे राहिले, त्यांच्या सामवेदी बोलीत त्यांच्याशी बोलले, स्वतः श्वास घेऊन दाखविला आणि दोनदा त्यांच्याकडून सराव करून घेतला. तिसरे चित्र स्वच्छ आले. जाताना आजी आम्हांला म्हणाल्या, 'बाळा, तू काचेमागून ओरडत होतास. मला वाटले, दुसऱ्या कुणाला तरी रागावतोस.'

अर्ध्या मिनिटाची बचत करण्याच्या नादात आम्ही त्यांना दोन वेळा विनाकारण किरण दिले होते. त्या दिवशी एक गोष्ट कायमची समजली. चांगले चित्र आणि चांगली वागणूक या आमच्या पेशात दोन निराळ्या गोष्टी नाहीत. घाबरलेला माणूस हलतो, अपमानित झालेला माणूस सूचना ऐकत नाही, आणि वेदनेत असलेल्याला घाईने वळविले तर तो अंग आखडून घेतो. धीर दिलेला रुग्ण मात्र स्थिर उभा राहतो. थंड फळीची आधी कल्पना देणे, मोडलेल्या हाताखाली उशी सरकविणे, स्त्रीरुग्णाला वस्त्र बदलण्यासाठी आडोसा देणे, गरोदरपणाविषयीचा प्रश्न सासरच्या मंडळींसमोर न विचारता बाजूला घेऊन विचारणे, ही सारी सेवाही आहे आणि तंत्रही आहे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. रस्त्यावर पडलेल्या त्या जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेव्यानेही पाहिले. दोघांच्या दृष्टीत काही दोष नव्हता. शोमरोन्यानेही पाहिले, पण तो पाहून जवळ गेला. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर 'साल्विफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात त्यांनी या दाखल्यावर विस्ताराने चिंतन केले असून, दुसऱ्याच्या दुःखापाशी थांबणारा प्रत्येक जण दयाळू शोमरोनी होय, असे शिकविले आहे. आमचा पेशा तर पाहण्याचाच आहे. कातडीआडचेही आम्हांला दिसते. म्हणूनच, नुसते पाहणे म्हणजे सेवा नव्हे, ही आठवण आम्हांला इतरांपेक्षा अधिक ठेवावी लागते.

दिसते, पण सांगता येत नाही

आमच्या कामातील सर्वांत कठीण भाग यंत्राचा नाही. तो मौनाचा आहे.

महिनाभर खोकला असलेला एखादा चाळिशीतील माणूस येतो. चित्र पडद्यावर येते आणि फुप्फुसात नसावयास हवी अशी सावली दिसते. तो सदरा घालता घालता विचारतो, 'चांगले आहे ना सगळे?' बाहेर बाकावर त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन बसलेली असते. त्या एका प्रश्नाला आम्ही काय उत्तर द्यावे?

निदान सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि ते योग्यच आहे. ती सावली क्षयाची असेल, न्यूमोनियाची असेल, जुन्या बऱ्या झालेल्या आजाराचा व्रण असेल किंवा गाठ असेल. चित्र पाहून क्ष-किरण तज्ज्ञ अहवाल देतात, डॉक्टर तो रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहतात, गरज वाटल्यास थुंकीची तपासणी किंवा सीटी स्कॅन करवितात. आमच्या तोंडून निसटलेला एक शब्द त्या घरावर नाहक आकाश कोसळवू शकतो. याउलट, 'सगळे ठीक आहे' असे म्हणणे हे असत्य होईल. त्या खोट्या दिलाशावर विसंबून तो माणूस डॉक्टरांकडे परत गेलाच नाही, तर त्याचे उत्तरदायित्व आमच्यावर येईल.

म्हणून आम्ही खरे आहे तेवढेच सांगतो. 'चित्र स्पष्ट आले आहे. डॉक्टर पाहून सांगतील. आजच भेटून जा, उद्यावर टाकू नका.' आणि त्याच वेळी आतून क्ष-किरण तज्ज्ञांना फोन करतो. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली दिसली किंवा डोक्यात रक्तस्राव दिसला, तर रांगेतील आपली पाळी येईपर्यंत थांबणे परवडत नाही. तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व असते. रुग्णाला वाटते, हा माणूस काहीच बोलला नाही. वास्तविक त्याच्यासाठी त्या क्षणी जे करावयाचे, ते सुरू झालेले असते.

पोप पायस बारावे यांनी १९४१ साली मुख्य देवदूत संत मायकल यांना क्ष-किरण व किरणोपचार क्षेत्रात काम करणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. वसईत माणिकपूरचे चर्च याच संताच्या नावे आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. पण त्यांची आमच्याशी असलेली ही नाळ फारशी कोणाला माहीत नसते. देवदूत म्हणजे देवाचा निरोप पोहोचविणारा. निरोप्याने निरोप वाटेत फोडावयाचा नसतो, त्यात आपली भर घालावयाची नसते आणि तो पोहोचविण्यास विलंबही करावयाचा नसतो. आमचे मौन आम्ही या अर्थाने घेतो. रुग्ण दारातून बाहेर पडत असता त्याचे नाव घेऊन मनोमन केलेली प्रार्थना, ही त्या मौनातील आमची खासगी भर.

किरणांची भीती आणि वस्तुस्थिती

धर्मग्रामातील अनेकांच्या मनात एक्स-रेविषयी भीती असते. काही जण त्या भीतीने आवश्यक तपासणीही टाळतात. त्यासाठी थोडी माहिती देणे अगत्याचे आहे.

जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून आपणा सर्वांवर निसर्गतः किरणोत्सार होतच असतो. जगाची सरासरी पाहता त्याचे प्रमाण माणशी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छातीच्या एका साध्या एक्स-रेमधून मिळणारे प्रमाण साधारणतः ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे निसर्गातून काही दिवसांत जेवढे मिळते, तेवढेच ते असते. सीटी स्कॅनमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच करावा, स्वतःच्या समाधानासाठी आग्रह धरू नये. सोनोग्राफी व एमआरआय यांत असे किरण मुळीच वापरले जात नाहीत.

भारतात या क्षेत्रावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. आमच्यासारख्या कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, अशी कमाल मर्यादा त्याने घातली आहे. आमच्या छातीवर शिशाच्या ॲप्रनखाली एक लहानसा बॅज असतो. आमच्यावर किती किरण पडले, याची तो नोंद ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तो तपासणीसाठी पाठविला जातो. वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये शिशाची आडकाठी, हे आमच्या सुरक्षिततेचे तीन नियम. अंतर दुप्पट केले की किरणांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येते. तेव्हा किरण सोडताना आम्ही काचेमागे जातो, ते रुग्णाला टाकून जात नाही. दिवसभर हेच काम करणाऱ्याने रोज प्रत्येक रुग्णाबरोबर किरण घेतले, तर तो फार काळ सेवा करू शकणार नाही. तो एक क्षण सोडला, तर आमची जागा रुग्णापाशीच आहे.

तरुणांसाठी एक पाचारण

बारावी विज्ञान शाखेनंतर काय, हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास अनेक मुले-मुली निराश होतात. रेडिओग्राफी व इमेजिंगचे पदविका आणि पदवी अभ्यासक्रम महाराष्ट्रात उपलब्ध आहेत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात आमच्या व्यवसायाचाही समावेश झाला. डॉक्टर होता आले नाही म्हणून पत्करलेली वाट, असे या कामाकडे पाहू नये. पाचारण म्हणजे केवळ धर्मगुरू वा धर्मभगिनी होणे नव्हे. प्रापंचिकांनाही आपापल्या कामातून प्रभूची हाक येते. वांद्र्याचे होली फॅमिली, अंधेरीचे होली स्पिरिट, वसईचे कार्डिनल ग्रेशस यांसारखी रुग्णालये ख्रिस्तसभेने उभारली, ती याच श्रद्धेने. शासकीय किंवा खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या ख्रिस्ती तंत्रज्ञालाही ती श्रद्धा बरोबर नेता येते.

तथापि, येणाऱ्यांनी एक जाणून यावे. या कामात कौतुक कमी आहे. बरा झालेला रुग्ण डॉक्टरांना पेढे देतो, परिचारिकेचे आभार मानतो. आमच्या खोलीत तो परत येतो, तो बहुधा पुढच्या तपासणीसाठीच. रात्रपाळ्या असतात, सणाच्या दिवशीही काम असते, आणि रांग लांबली की समोरचा माणूस केवळ 'छाती', 'गुडघा' किंवा 'कवटी' वाटू लागण्याचा मोह होतो. 'तो गुडघा आत घ्या,' असे शब्द ज्या दिवशी आमच्या तोंडून निघतात, त्या दिवशी आमचे चित्र कितीही सुबक आले, तरी आमचे काम हुकलेले असते.

आपण काय करू शकतो?

एक्स-रेसाठी जाताना जुने चित्र व अहवाल बरोबर न्यावेत. तुलना करता आली, तर डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो आणि काही वेळा नवी तपासणी टळते. गरोदर असल्यास, किंवा तशी शक्यता असल्यास, न संकोचता आधी सांगावे. दागिने शक्यतो घरीच ठेवावेत. सूचना ऐकू आली नाही किंवा समजली नाही, तर पुन्हा विचारावे, त्यात कमीपणा नाही. आणि तंत्रज्ञाला निदानाचा आग्रह करू नये. तो गप्प आहे, याचा अर्थ काही वाईट आहे असा नसतो, आणि त्याला काळजी नाही असाही नसतो.

वृद्ध, एकट्या माणसांना तपासणीस नेण्यासाठी धर्मग्रामातील रुग्णसेवा मंडळांनी सोबत दिली, तर ती मोठी सेवा होईल. उतरविलेले पदक किंवा जपमाळ हातात धरून दाराबाहेर बसणारे कोणीतरी आहे, एवढ्यानेही आतला माणूस स्थिर उभा राहतो, हे आम्ही रोज पाहतो.

येत्या रुग्ण दिनी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत डॉक्टर आणि परिचारिका यांच्या नावांनंतर क्षणभर थांबावे आणि तांबड्या दिव्याच्या दाराआड काम करणाऱ्यांसाठीही एक विनंती करावी. आम्हांला जे दिसते, ते पाहून आम्ही जवळ जावे, एवढीच कृपा त्यांच्यासाठी मागावी.